पिवळी ज्योत निळी करताना: घरच्या गॅस शेगडीची हवा जुळवण्याचा क्रम

शेगडीची ज्योत पिवळी पडली, पातेल्यांची बुडं काळी व्हायला लागली, की बहुतेक घरांत पहिलं काम एकच होतं. बर्नर उचलायचा आणि आतल्या, गॅस सोडणाऱ्या जेटमध्ये सुई घालायची. ज्योत मोठी होते, बरं वाटतं. आठवडाभरात भांडी आधीपेक्षा जास्त काळी दिसायला लागतात, मग सुई आणखी जोरात फिरते. जेट पितळेचं असतं आणि त्याचं भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक. पोलादी सुईने ते घासून रुंद झालं की गॅस जास्त सुटतो, हवा मात्र तेवढीच राहते. अशी शेगडी पुन्हा निळी जळायची तर जेटच बदलावं लागतं.

सगळी गडबड क्रमाची आहे. आधी ज्योत नीट पाहायची, मग शेगडीबाहेरची कारणं काढायची, मग सफाई करायची आणि सगळ्यात शेवटी हवेचं छिद्र लहान-मोठं करणारी चकती फिरवायची. जेटच्या भोकाला आणि रेग्युलेटरच्या आतल्या भागाला घरी हात लावायचाच नाही. पुढचं सगळं टाकीच्या गॅसवर चालणाऱ्या दोन-तीन बर्नरच्या घरगुती शेगडीसाठी आहे. पाईपच्या गॅसचं आणि गोबरगॅसचं थोडं वेगळं आहे, ते जेटच्या टप्प्यात येईल.

एवढंच लक्षात असू द्या: टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. त्याचा एक भाग पूर्ण जळायला साधारण २४ ते ३१ भाग हवा लागते. त्यातली काही हवा जेटमधून जोरात सुटणारा गॅस स्वतःच बर्नरखालच्या धातूच्या नळीत ओढून घेतो, उरलेली ज्योतीला आजूबाजूने मिळते. यात कुठेही अडलं की कार्बनचे बारीक कण जळायचे राहतात. ते तापून पिवळे चमकतात आणि भांड्याच्या बुडाला काजळी होऊन चिकटतात.

टप्पा १: आधी ज्योत वाचा

दिवसाउजेडी, खिडकीसमोर ज्योत नीट दिसत नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा बंद करा, शेगडीवर भांडं ठेवू नका, एक बर्नर पूर्ण मोठा करा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. मग दुसरा. दोन्ही बर्नर सारखेच बिघडलेले दिसले तर कारण बहुधा टाकीकडचं, रेग्युलेटरचं किंवा स्वयंपाकघरातल्या हवेचं असतं. एकच बिघडला असेल तर कारण त्याच बर्नरमध्ये शोधायचं. एवढ्या एका गोष्टीने निम्मी मेहनत वाचते.

काय काय दिसू शकतं:

*चांगली ज्योत.* प्रत्येक भोकावर गडद निळा, टोकदार सुळका आणि त्याभोवती फिकट निळी झाक. ज्योत भोकाला धरून असते, थरथरत नाही, आवाज हलका असतो.

*लांब, मऊ, पिवळ्या शेंड्याची ज्योत.* शेंडे डोलतात, भांड्याला काजळी धरते. हवा कमी पडते आहे. आपल्याला दुरुस्त करायची ती हीच.

*भोकापासून सुटलेली ज्योत.* निळी असते, पण बर्नरपासून थोडी वर तरंगते, फुरफुर आवाज करते, मधूनच काही भोकांवर विझते. हवा जास्त झाली आहे, किंवा गॅसचा दाब जास्त आहे. पिवळी घालवण्याच्या नादात चकती गरजेपेक्षा जास्त उघडणारे बहुतेक जण इथे येऊन पोचतात.

*आत पेटलेली ज्योत.* बर्नरवर काही दिसत नाही, किंवा फारच मरगळलेली ज्योत दिसते, आणि नॉबच्या बाजूला खालून घूं असा आवाज येतो. गॅस जेटपाशीच जळतो आहे. नॉब ताबडतोब बंद करा, शेगडी गार होऊ द्या. पुन्हा पेटवून तसंच झालं तर ती वापरू नका.

*निळ्या ज्योतीत नारिंगी ठिणग्या.* यात फसगत होते. वरण उतू गेलं, मिठाचं पाणी सांडलं, ओटा झाडताना धूळ उडाली, की निळ्या ज्योतीत नारिंगी रेषा चमकतात. मिठातल्या सोडियमचा तो रंग आहे. हवेचा याच्याशी संबंध नाही. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, त्यामुळे सांडलेलं पाणी आटलं की बर्नरवर पांढरा क्षार राहतो आणि तोही असाच रंग दाखवतो. अशा ज्योतीने भांडं काळं होत नाही. चकतीला हात न लावता फक्त बर्नर धुवा.

तपासा: रंगाबद्दल शंका असेल तर एक स्टीलचं पातेलं बाहेरून लख्ख घासून घ्या, त्यात लिटरभर पाणी उकळा आणि बुडावरून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर काळं आलं तर हवा कमी आहे. काही आलं नाही तर रंग कसाही दिसो, ज्योत ठीक आहे. भाकरही हेच सांगते. तव्यावरून काढून थेट ज्योतीवर धरलेली भाकर फुगून तिच्यावर तपकिरी ठिपके यायला हवेत. तिच्या पाठीवर बोटाला लागणारी काजळी येत असेल तर ती तुमच्या पोटात जाते आहे, आणि हे काम उद्यावर ढकलू नका.

टप्पा २: शेगडीबाहेरची कारणं काढून टाका

शेगडी खोलण्याआधी हे करायचं, कारण पुष्कळदा दोष इथेच सापडतो.

कूलर आणि पंखा. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात स्वयंपाकघराच्या दाराशी कूलर लावल्याशिवाय भाकरी थापणं अवघड, हे मान्य. पण त्याचा झोत ज्योतीवर आडवा पडला की ज्योत एका बाजूला झुकते, तिचे शेंडे फाटतात आणि पिवळे होतात. शिवाय बारीक ज्योत विझून गॅस तसाच सुटत राहण्याचा धोका वेगळाच. कूलरचं तोंड वळवा आणि मगच ज्योत तपासा.

बंद खोली. थंडीत दार-खिडकी लावून, विशेषतः लहानशा पत्र्याच्या खोलीत, शेगडीवर आंघोळीचं पाणी तापवलं जातं. मोठा गंज, म्हणजे पाणी तापवायचं भांडं, बर्नर पूर्ण झाकतो, बाजूची हवा ज्योतीपर्यंत पोचत नाही आणि चांगली निळी ज्योतही पिवळी पडते. गंज उतरवल्यावर ज्योत निळी होत असेल तर शेगडीत दोष नाही. भांडं आणि बर्नर यांच्यातलं अंतर वाढवणारी उंच जाळी वापरा, आच थोडी कमी ठेवा आणि खिडकी उघडी राहू द्या.

संपत आलेली टाकी. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, ब्युटेन शून्याच्या जवळपास. म्हणून टाकीतला हलका प्रोपेन आधी जास्त निघून जातो आणि शेवटी ब्युटेनचा, म्हणजे जड भागाचा वाटा वाढतो. त्याला जळायला हवा जास्त लागते, तेव्हा टाकी संपताना ज्योत लालसर-पिवळी दिसते. परभणी-हिंगोलीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली जातो. त्यात टाकी तळाला आली असेल तर दाबही पडतो आणि ज्योत बारीक होते. हवा जुळवायची ती टाकी निम्म्यावर असताना, दिवसा.

सावधान: गॅस कमी येतो म्हणून टाकी आडवी करणं, हलवणं, गरम पाण्याच्या परातीत ठेवणं, हे काहीही करू नका. आडव्या टाकीतून वायूऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत एकदम भडकते.

टप्पा ३: तयारी

स्वयंपाक उरकल्यावर, घाई नसताना हे काम काढा. पाहुणे यायच्या आदल्या रात्री नको.

साहित्य घरातलंच आहे: जुना दातांचा मऊ ब्रश, बाटली धुवायचा बारीक ब्रश, लाकडी दातकोरणं, सुती फडकं, भांड्यांच्या साबणाचं पाणी, शेगडीच्या स्क्रूला बसेल असा पेचकस आणि खूण करायला बारीक मार्कर. सुई, टाचणी, दाभण आधीच बाजूला ठेवून द्या, म्हणजे हात तिकडे जाणार नाही.

मग या क्रमाने:

१. रेग्युलेटरचा नॉब बंद करा.
२. एक बर्नर पेटता ठेवा, म्हणजे नळीत उरलेला गॅस जळून संपेल. ज्योत आपोआप विझली की शेगडीचे सगळे नॉब बंद करा.
३. शेगडी आडवी किंवा उलटी करावी लागणार असेल तर रेग्युलेटर टाकीवरून काढा आणि टाकीला दोरीने बांधलेलं टोपण बसवा. रबरी नळी शेगडीवरून ओढून काढू नका. वारंवार ओढल्याने तिचं तोंड सैल होतं.
४. किमान अर्धा तास शेगडी गार होऊ द्या. पितळी बर्नर बराच वेळ तापलेला राहतो.
५. खिडकी-दार उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून नुसती वरची झडप उघडून भागत नाही, दारही उघडं हवं. देवघर स्वयंपाकघरातच असेल तर समई, निरांजन, उदबत्ती आधी शांत करा.

तपासा: नळी हातात आलीच आहे तर तिच्यावरचं वर्ष वाचा. नारिंगी सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते, ती दिसायला चांगली असली तरी. ओट्याच्या फटीतून जाणारी, उंदराने कुरतडलेली किंवा वाकवल्यावर चिरा दाखवणारी नळी असेल तर ज्योतीचं काम थांबवा आणि आधी नळी बदलून घ्या.

टप्पा ४: बर्नर धुणं

आपल्या घरांत बर्नर सगळ्यात जास्त कशाने बुजतो? ज्वारीच्या पिठाने. काठवट किंवा परात शेगडीला खेटून असते, भाकर थापून हातावर घेताना पीठ झडतं आणि शेजारच्या बर्नरवर पडतं. कोरडं पीठ भोकात शिरतं, वरून चहा किंवा दूध उतू जातं आणि दोन्हींचा मिळून चिकट लगदा होतो. तो जळून कडक झाला की ब्रशने निघत नाही. बर्नर उन्हात धरून पाहिलात तर ओळीने काही भोकं मोकळी आणि थापण्याच्या बाजूची चार-पाच बंद, असं चित्र हमखास दिसतं. ज्योतही त्याच बाजूला खुरटलेली असते. बंद भोकांमुळे आत ओढली जाणारी हवा कमी होते, म्हणून उरलेल्या भोकांवरची ज्योतही पिवळी पडते.

धुण्याची रीत धातूवर अवलंबून आहे.

*पितळी बर्नर:* गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा. मग चिंचेच्या कोळाने घासा, देवाची भांडी घासतो तसंच. क्षारही निघतो. चिंचेचा चोथा मात्र भोकात राहू देऊ नका, वाहत्या पाण्याखाली उलटा धरून धुवा.

*ॲल्युमिनियमचा किंवा बिडाचा बर्नर:* फक्त साबणाचं कोमट पाणी आणि ब्रश. ॲल्युमिनियमला सोडा आणि आंबट चालत नाही, ते काळं पडतं आणि खरवडतं. बीड पाण्यात फार वेळ ठेवलं तर गंजतं.

एकेक भोक दातकोरण्याने मोकळं करा. दातकोरणं मोडलं तर मोडू द्या, तुकडा पलीकडून ढकलून काढा. भोक मोठं होता कामा नये. बर्नरची टोपी आणि खालचा भाग वेगळे होत असतील तर दोन्ही जिथे टेकतात ती कड पुसा. तिथे कण अडकला की टोपी तिरकी बसते आणि त्या फटीतून ज्योत निघते.

सावधान: ओला बर्नर बसवू नका. भोकातल्या पाण्याने ज्योत तडतडते, पिवळी होते, आणि आपण साफ करूनही फरक नाही असं वाटून माणूस चकतीकडे वळतो. उन्हात दोन-तीन तास वाळवा. पावसाळ्यात आधी फडक्याने टिपून रात्रभर ठेवा.

टप्पा ५: नळीच्या आत बघा

बर्नरखालून जेटकडे जाणारी धातूची नळी बहुतेक जण कधी बघतच नाहीत. गॅस आणि हवा इथेच मिसळतात.

बीड, धारूर, केज, पाटोदा या पट्ट्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखाना बंद झाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. तेवढ्या काळात बंद घरातली शेगडी कोळ्यांना आणि कुंभारीण माशीला मोकळी मिळते. कोळी नळीत जाळं विणतो, कुंभारीण मातीचं घर बांधते. शेतावरच्या आखाड्यावरची शेगडी किंवा घरातलाच कधी न वापरलेला तिसरा बर्नर, यांचीही हीच गत. हवेची वाट निम्मी बंद झालेली असते. परतल्यावर पहिल्या दिवशी शेगडी पेटते, पण पिवळी, आणि खालून भपका येतो. बंद घरात परत आल्यावर शेगडी पेटवण्याआधी हा टप्पा करा, चहा नंतर.

काही शेगड्यांत नळी खालचे एक-दोन स्क्रू काढल्यावर सुटते, काहींत ती पक्की असते. सुटणारी असेल तर काढून एका टोकातून आकाशाकडे बघा. दुसऱ्या टोकाचा गोल पूर्ण आणि स्वच्छ दिसायला हवा. पक्की असेल तर बाटलीचा ब्रश वरून घालून फिरवा आणि घाण जेटवर पडू नये म्हणून शेगडी तिरकी धरा. कुंभारणीची माती कडक असते. ती आत ठोकून फोडू नका, ओल्या ब्रशने भिजवून काढा आणि नळी वाळवा.

काच असलेली शेगडी उलटी करताना दोघांनी धरा आणि खाली जाड गोधडी घाला. काचेची कड फरशीवर टेकली की तडा जातो.

टप्पा ६: जेट फक्त बघा

नळी निघाली असेल तर जेट समोर दिसेल: नॉबच्या टोकाशी छोटं पितळी बोंड, मध्ये बारीक भोक. त्यावर कोळिष्टक, धूळ, पीठ असेल तर कोरड्या ब्रशने वरून झटका. एवढंच.

भोकच बुजलं असेल, म्हणजे साफ बर्नरवरही ज्योत फारच बारीक येत असेल, तर एजन्सीच्या मेकॅनिककडून जेट साफ करून घ्या किंवा त्याच शेगडीचं, त्याच मापाचं नवं बसवून घ्या. बाजारातलं जरा मोठं जेट बसवा, आच जोरात लागेल, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गॅस जास्त जळेल, भांडी काळी होतील आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड वाढेल.

इथेच दुसऱ्या गॅसबद्दल. पाईपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या एका भागाला साधारण १० भागच हवा पुरते आणि जेटचं भोक मोठं लागतं. गोबरगॅसमध्ये मिथेनबरोबर कार्बन डायऑक्साइडही बराच असतो, त्याला आणखी मोठं जेट आणि आणखी कमी हवा. म्हणून टाकीची शेगडी जशीच्या तशी गोबरगॅसला जोडली की ज्योत धरत नाही, आणि गोबरगॅसची शेगडी टाकीला जोडली तर ज्योत भडकते. चकती फिरवून हा फरक भरून निघत नाही. गॅस बदलला की जेट बदलायचं, आणि ते मेकॅनिकनेच.

टप्पा ७: जोडणी आणि गळतीची तपासणी

नळी परत लावताना तिचं तोंड जेटच्या अगदी समोर, एका रेषेत यायला हवं. तिरकी बसली तर गॅस भिंतीवर आपटतो, हवा नीट ओढली जात नाही. बर्नर आपल्या खाचेत बसला का, हे बोटाने हलवून बघा. डगडगता कामा नये. डावा-उजवा बर्नर लहान-मोठा असतो, अदलाबदल होऊ देऊ नका.

रेग्युलेटर लावा आणि त्याचा नॉब उघडा, शेगडीचे नॉब बंदच ठेवा. रबरी नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगत असतील तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणं अजूनही काही घरांत चालतं, ते कृपा करून कायमचं बंद करा.

सावधान: गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, सगळ्यांना बाहेर घ्या आणि बाहेर जाऊनच १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

टप्पा ८: हवेची चकती जुळवणं

इथपर्यंत आल्यावर शेगडी पेटवून आधी बघा. पुष्कळ शेगड्या नुसत्या सफाईनेच निळ्या होतात. तुमचीही झाली असेल तर इथेच थांबा, चकती फिरवायची काही गरज नाही.

अजून पिवळी असेल तर नळीच्या जेटकडच्या तोंडाशी बघा. तिथे फिरणारी छोटी चकती किंवा पुढे-मागे सरकणारी पत्र्याची बांगडी असते. ती सरकवली की हवेचं छिद्र लहान-मोठं होतं. काही शेगड्यांत ती स्क्रूने घट्ट असते, काहींत स्प्रिंगने. काही शेगड्यांत ती नसतेच, छिद्र कायमचं ठरलेलं असतं. तशा शेगडीवर घरी जुळवण्यासारखं काही नाही. छिद्राला पट्टी चिकटवून किंवा ते कानशीने वाढवून प्रयोग करू नका, मेकॅनिकला दाखवा.

चकती असेल तर:

१. आहे त्या जागी मार्करने चकतीवर आणि नळीवर एक सलग रेघ ओढा. बिघडलं तर याच रेघेवर परत यायचं आहे.

२. बर्नर पेटवून मोठ्या आचेवर पाच मिनिटं ठेवा. गार बर्नरवरची ज्योत आणि तापलेल्या बर्नरवरची ज्योत सारखी नसते. तापलेल्या बर्नरवर दिसते तीच खरी धरायची.

३. नॉब बंद करा. चकतीचा स्क्रू अर्धा आटा ढिला करा, काढू नका. शेगडीखालचा भाग तापलेला असतो, जाड फडक्याने धरा. पेटत्या शेगडीखाली हात घालून चकती फिरवणारे असतात. एकदा पदर किंवा बाही लागली की काय होतं ते सांगायला नको.

४. चकती हवा वाढवण्याच्या बाजूला अगदी थोडी सरकवा, ज्वारीच्या दाण्याएवढी. पेटवा, मिनिटभर बघा. पुन्हा बंद करून पुन्हा तेवढीच. एकदम पूर्ण उघडण्याचा मोह टाळा, कारण मग नेमकी कुठे जुळली होती ते कळत नाही.

५. पिवळे शेंडे ज्या जागी पूर्ण गेले, ती जागा धरा. त्यापुढे सरकवू नका. ज्योत भोकापासून सुटायला लागली किंवा फुरफुरायला लागली तर एक दाणा मागे या.

६. स्क्रू घट्ट करा. घट्ट करताना चकती हमखास थोडी फिरते, म्हणून घट्ट केल्यावर ज्योत पुन्हा बघा. ही तपासणी सोडल्यामुळे पुष्कळांची केलेली मेहनत वाया जाते.

७. दुसरा बर्नर वेगळा जुळवा. एकाचं माप दुसऱ्याला लागू होत नाही, कारण मोठ्या बर्नरला गॅसही जास्त आणि हवाही जास्त.

तपासा: आता दोन्ही बर्नर एकदम मोठे करा आणि त्यांवर भांडी ठेवा, कारण रोजचा स्वयंपाक तसाच होतो. मोकळी निळी ज्योत भांडं ठेवल्यावर किंचित पिवळी झाली तर चकती आणखी एक दाणा उघडा. मग टप्पा १ मधली पातेल्याची परीक्षा पुन्हा घ्या. फडकं पांढरं राहिलं की काम जमलं.

चकती पूर्ण उघडूनही ज्योत पिवळीच राहत असेल तर जेट मोठं झालेलं आहे किंवा रेग्युलेटर बिघडला आहे. यापुढे घरी काही करू नका.

टप्पा ९: बारीक ज्योत

मोठी ज्योत जुळली की सिमवर नॉब आणून बघा. बारीक ज्योत प्रत्येक भोकावर असायला हवी, छोटी, निळी आणि स्थिर. दूध आटवताना किंवा वरणाला मंद आच देताना हीच तासभर चालते, आणि आपलं तिच्याकडे लक्ष नसतं.

नॉब मोठ्यावरून झटकन सिमवर आणा. ज्योत विझता कामा नये. स्वयंपाकघराचं दार उघडा, जोरात लावा. तरी विझता कामा नये. विझत असेल तर तो बर्नर मंद आचेवर वापरणं आजपासून बंद. विझलेल्या बर्नरमधून गॅस सुटतच राहतो. सिमची आच ठरवणारा बारीक स्क्रू नॉबखाली, दांड्यात किंवा शेजारी असतो. पण तो गॅस सोडणाऱ्या कॉकचाच भाग आहे. चुकून जास्त निघाला तर तिथून गळती होते. तो मेकॅनिककडूनच फिरवून घ्या. नॉब जड फिरत असेल तर त्यात खोबरेल किंवा मशीनचं तेल सोडू नका. त्याला लागणारं ग्रीस वेगळं असतं.

रेग्युलेटरबद्दल

घरगुती रेग्युलेटर टाकीतला दाब उतरवून साधारण ३० मिलिबारवर आणतो, आणि शेगडीचं जेट व नळी त्याच दाबासाठी बनवलेली असतात. लग्नाच्या भट्टीचा किंवा ढाब्यावरचा जास्त दाबाचा रेग्युलेटर घरच्या शेगडीला लावला की ज्योत सुटते, रबरी नळी ताणते, आग लागू शकते. दोन्ही बर्नर एकदम फुरफुरत असतील किंवा दोन्ही मरगळले असतील तर रेग्युलेटर एजन्सीकडे नेऊन बदलून घ्या. तो खोलण्याची वस्तू नाही.

पिवळ्या ज्योतीवर चालवून घेत असाल तर

दुरुस्तीला दोन दिवस लागणार असतील आणि तोवर स्वयंपाक थांबवता येत नसेल, तर खिडकी-दार उघडं ठेवा, एकच बर्नर वापरा आणि त्या शेगडीवर पाणी तापवणं बंद ठेवा. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. स्वयंपाक करताना डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं आणि बाहेर ओसरीत आल्यावर बरं वाटणं, ही त्याची लक्षणं. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर याबाबतीत अजिबात चालढकल करू नका. कोणी ग्लानीत गेलं तर आधी मोकळ्या हवेत आणा आणि थेट दवाखान्यात न्या.

नंतरची देखभाल

भाकरी झाल्या की बर्नर गार झाल्यावर कोरड्या ब्रशने पीठ झटका, ओलं फडकं त्यानंतर. उलटं केलं तर पिठाची खळ होते. काठवट शेगडीपासून हातभर लांब सरकवता आली तर बर्नर खूप दिवस स्वच्छ राहतो. बर्नर महिन्यातून एकदा धुवा, नळीच्या आत वर्षातून दोनदा बघा: पावसाळा संपल्यावर आणि घर बरेच दिवस बंद राहिल्यावर. लांबच्या कामाला जाताना रेग्युलेटर काढून टाकीला टोपण लावा आणि शेगडीवर जुनं धोतर किंवा चादर खालपर्यंत झाकून बांधा, म्हणजे कुंभारणीला आत शिरायला वाट मिळत नाही. परतल्यावर चादर काढायची, नळीत बघायचं, साबणाचा फेस लावून गळती तपासायची आणि मगच लायटर हातात घ्यायचा.

नवी टाकी लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्योत एकदा दिवा बंद करून बघा. किंचित फरक दिसला तर चकतीला लगेच हात लावू नका, चार-आठ दिवस जाऊ द्या. पातेल्याच्या बुडाला काळं धरायला लागलं तरच पुन्हा टप्पा १ पासून सुरुवात करा.